गंजून बसलेल्या नटास खुले पत्र

श्री. नट महाशय,
पिकअपचा मागील आस, उजवी बाजू, शॉकॲब्सॉर्बरचे खालचे टोक,
मौजे तुये, तालुका पेडणे, यांसी

सा. न. वि. वि.

खासगी बोलण्याचे सर्व उपाय थकल्यावर मनुष्य खुल्या पत्राकडे वळतो. आपल्याशी तर अशी बोलणी काल दिवसभर, गाडीखाली उताणे पडून, पान्याच्या मध्यस्थीने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानी जाऊ नये अशा भाषेत झालेली आहेत. तेव्हा यापुढे जे बोलायचे ते चारचौघांत बोलावे, म्हणजे पेडणे-डिचोलीच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या गाड्यांच्या पोटाखाली आपले जे जातभाई असेच ठाण मांडून बसले आहेत, त्यांच्याही ते कानी जाईल, असे वाटून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम आपल्या धन्याविषयी. गॅरेजमधली मंडळी ज्याला प्रेमाने ‘शॉकप’ म्हणतात, तो हा गृहस्थ गाडीचा भार वाहतो असा लोकांचा समज आहे, पण तो खरा नव्हे. भार वाहतात ते बिचारे पाटे; मात्र पाट्यांचा स्वभाव असा की बसलेला धक्का ते गिळतात आणि लगेच परतही करतात, आणि एकदा डोलू लागले की कोणी आवरल्याखेरीज थांबत नाहीत. हे आवरण्याचे काम शॉकॲब्सॉर्बराचे. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. चाक वर उसळले की त्या छिद्रांतून तेलाला बळेच वाट काढावी लागते, त्या खटाटोपात धक्क्याची शक्ती उष्णतेत पालटते आणि ती उष्णता मुकाट्याने वाऱ्यावर सोडून दिली जाते. लांबच्या खडबडीत प्रवासानंतर त्याच्या अंगाला हात लावला, तर तो कोमट लागतो. सरकारी नोकरीत इतक्या निमूटपणे स्वतः तापून दुसऱ्यास थंड ठेवणारा कामगार मी पाहिलेला नाही.

परंतु या कामगाराचे सील गेले, तेल पाझरले आणि नळीवर काळा चिकट चिखल साचला की तो जागेवर असूनही सेवेत नसतो. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडावा. एकदा वर येऊन ती स्वस्थ झाली तर ठीक, पण होकार देणाऱ्या पंचासारखी मान हलवीतच राहिली, तर धन्याची सेवा समाप्त झाली असे खुशाल समजावे. आमची गाडी चिरे घेऊन, नाहीतर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारासाठी नारळ-भाजी घेऊन निघाली की प्रत्येक गतिरोधकानंतर अशी मान हलवीत असे. (गतिरोधक कसा असावा याचा जाबता इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच ठरवून दिला होता: रुंदी ३.७ मीटर, उंची फक्त १० सेंटिमीटर, पाठ सौम्य गोलाईची. आमच्या वाटेवरील काही गतिरोधकांनी तो वाचलेला दिसत नाही.) यात केवळ प्रवाशाच्या कंबरेचा प्रश्न असता, तर मी गप्प राहिलो असतो. पण डोलणाऱ्या गाडीचे चाक रस्ता घट्ट धरीत नाही, आणि जे चाक रस्ता धरीत नाही त्याला ब्रेक लावून उपयोग काय?

म्हणून नवी जोडी आणली आणि काम घरीच करण्याची तजवीज केली. कागदावर ते इतके सुलभ आहे की त्यासाठी गॅरेजवाल्यास तसदी देणे अशिष्टपणाचे वाटावे. वर एक नट, खाली एक नट. दोन काढायचे, जुने उतरवायचे, नवे चढवायचे. अंगणात सपाट जागा पाहून पुढच्या चाकांना मागून-पुढून अडसर दिला, जॅकने गाडी उचलली आणि लोखंडी घोड्यांवर टेकविली. इथे एक सूचना, नटांसाठी नव्हे, नटांशी झुंजणाऱ्यांसाठी: आपल्याकडे ज्याच्या त्याच्या परसात चिऱ्यांची रास असते आणि हाताशी असलेला चिरा गाडीखाली सारण्याचा मोह अनिवार होतो, परंतु जांभा दगड भिंतीत कितीही इमानी असला, तरी एका बिंदूवर भार आला की तो पूर्वसूचना न देता फुटतो. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याने आधी मृत्युपत्र करून ठेवावे.

वरचा नट सज्जन निघाला. दोन हिसक्यांत त्याने जागा सोडली. आपण मात्र सोडली नाही. आपणास तारेच्या ब्रशाने घासले, रॉकेलने न्हाऊ घातले, गंज सोडविण्याचे तेल पाजून रात्रभर विचारास अवधी दिला, रिंग पान्याच्या दांड्यावर लांब नळी चढवून आर्किमिडीजचीही साक्ष काढली. परिणाम एवढाच की आपले कोपरे झिजले आणि पाना आपल्याभोवती प्रदक्षिणा घालू लागला. यात आपला दोष किती आणि हवेचा किती, हे मी जाणतो. मोरजी-मांद्र्याकडून येणारा खारा वारा, शापोऱ्याच्या भरतीचा ओलावा आणि चतुर्मासात कोसळणारा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस यांच्या सहवासात लोखंडाने लोखंड राहावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि नट व खिळा यांत जणू पाचर ठोकून बसतो.

आपली बाजू मी विचारात घेतली नाही असे नाही. या जागेत आपली वर्षानुवर्षांची वहिवाट आहे, मूळ मालकानेच आपणास इथे आणून बसविले, अन्यत्र आपणास आसरा नाही. तेव्हा १९७५ सालच्या मुंडकार संरक्षण कायद्याचा आधार आपण घ्याल, अशी मला रास्त धास्ती होती. परंतु तो कायदा भाटकाराच्या जमिनीत झोपडी घालून राहिलेल्या आणि त्याच्या मर्जीवर आयुष्य काढलेल्या हाडामांसाच्या माणसांसाठी झाला; त्याची ढाल पुढे करण्याचा अधिकार लोखंडास नाही. शिवाय मुंडकाराने भाटकाराचे माड राखले, बांध सांभाळले. आपण राखले काय? तेल गळून गेलेली एक नळी. सेवेतून उतरलेल्या वरिष्ठास खुर्चीत टिकवून धरायचे, आणि त्यालाच स्वामिनिष्ठा म्हणायचे, ही शिरस्तेदारी कचेऱ्यांत पुष्कळ पाहिली. ती गाडीच्या आसाखाली पाहावी लागेल असे वाटले नव्हते.

सायंकाळी कुंपणापलीकडून वाड्यावरचे मेस्त डोकावले. त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिले नाही; पान्यावर चढविलेली नळी पाहिली आणि निकाल दिला, “बाब, तो सुटचो ना. कापूक जाय.” गॅसची ज्योत लावावी काय, असे मी विचारले, तेव्हा तेलाने माखलेल्या बंद नळीशेजारी ज्योत नेणाऱ्याकडे जसे पाहावे, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

सबब आपणास कळविण्यात येते की उद्या सकाळी हॅक्सॉच्या पात्याने आपला निकाल करण्यात येईल. प्रथम तांबूस भुकटी पडेल, मग चकाकते लोखंड दिसेल. एका बाजूने चीर आरपार गेली की छिन्नीचा एक घाव पुरे, आणि खिळ्याच्या आट्यांना इजा होऊ न देण्याची खबरदारी घेतली जाईल. नव्या शॉकॲब्सॉर्बरास उभे धरून चार-सहा वेळा दाबून-ओढून त्यातील हवा काढली जाईल. आपल्या जागी येणाऱ्या नव्या नटास आट्यांपुरते ग्रीस मिळेल, रबरी बुशाला त्याचा स्पर्श होणार नाही. आणि त्याची अखेरची आवळणी चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच होईल, कारण चाक लोंबकळत असताना आवळलेले बुश पिळलेल्या अवस्थेतच नोकरीस लागते आणि लवकर फाटते. दर पावसाळ्यानंतर त्याची हजेरी घेतली जाईल, ही सवलत आपणास कधीच मिळाली नाही, हे मी कबूल करतो.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
गाडीमालक, तुये

प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी: मागील आस, डाव्या बाजूचा नट. शॉकॲब्सॉर्बर जोडीनेच बदलावे लागतात.