मार्चमधलं पेंटहाउस

कतारमधल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणून मार्च लागला की उम्म सलाल मोहम्मदच्या गल्ल्यांतून आपली माणसं गेटांवरचे ‘टू लेट’चे कागद वाचत हिंडू लागतात. दोह्याच्या उत्तरेला, शमाल रोडलगतचं हे गाव. थोडी शेतं, बरेच व्हिले आणि २०१७ साली उघडलेला भलामोठा फेस्टिव्हल सिटी मॉल.

व्हिला बांधलेला असतो एका भरल्या कुटुंबासाठी. मालक मध्ये जिप्सम बोर्डाच्या भिंती घालून तो पाच-सहा बिऱ्हाडांना देतो. परवानगीविना अशी पार्टिशनं नियमात बसत नाहीत, हे मालक, दलाल आणि भाडेकरू तिघांनाही ठाऊक असतं. तरी बोलणी अडतात ती कहरामाचं वीज-पाणी भाड्यात धरलंय का, यावर. कंपाउंडातली सुटी खोली इथे आउटहाउस होते, गच्चीवरची पेंटहाउस. अशी बढती पुण्याच्या बिल्डरांनाही सुचली नाही.

हे पेंटहाउस मार्चमध्येच दाखवावं. संध्याकाळचा गार वारा, भिंतीवर बोगनवेल, एसी बंद, लांबवर बर्झानचे मनोरे. बायको तुळशीची जागा ठरवते आणि नवरा पुढच्या तारखांचे बारा चेक लिहून मोकळा होतो.

जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटके देऊ लागतं. मग गिझर बंद ठेवायचा आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरायचं. लाल खुणेचा नळ गार, निळ्या खुणेचा कढत! आखातात ही रीत जुनी आहे. गावाहून आलेल्या आईला मात्र दर वेळी नव्याने समजावावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्झानचे मनोरे बांधणाऱ्यांनी जाडजूड भिंती घातल्या. त्यांनी उन्हाळा गृहीत धरला होता. जिप्सम बोर्डवाल्याने मार्च गृहीत धरला.

मार्चच्याच सुमारास गावाकडे पाडवा येतो आणि व्हॉट्सॲपवर वाकड-हिंजवडीच्या फ्लॅटांच्या जाहिराती धडकतात. कतारमध्ये परदेशी माणसाला घर घेता येतं ते पर्ल, लुसैल अशा ठरावीक भागांतच, आणि तिथल्या किमती ऐकूनच पोट भरतं. म्हणून टोकन पुण्याला जातं. आपला माणूस राहतो तिथे भाडं भरतो आणि हप्ते भरतो त्या घरात भाडेकरू राहतो. तोही नेमकं याच महिन्यात भाडं कमी करा म्हणतो.

२०२२च्या विश्वचषकाआधी इथली भाडी चढली, नंतर उतरली. तेव्हापासून घासाघीस करायला माणूस थोडा धजावतो. ‘एक महिना फुकट’ मागायला लाजू नका, अनेकदा मिळतो.

यंदा घर बघणार असाल तर संध्याकाळी नको, भर दुपारी जा. टाकीवर सावली आहे का पाहा, शाळेची बस गेटपर्यंत येते का विचारा. आणि मालकापेक्षा, सामान बांधत असलेल्या भाडेकरूशी दोन मिनिटं जास्त बोला.