घसरता टक्का, चढता भाव

निवडणूक तोंडावर आली की मुंबईत एका खास ज्योतिषाची चलती सुरू होते. तो हात पाहत नाही, जनगणना पाहतो. त्याचं पंचांग 2011 सालचं आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही, पण पंचांग शिळं झालं म्हणून भविष्य सांगणं थोडंच थांबतं? त्याचा सिद्धान्त सोपा: मराठी टक्का घसरला की मराठी माणसाच्या पक्षाचा बाजार उठला.

आकडे खोटे नाहीत. 2001 मध्ये मुंबईत मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे 45 लाख होते, 2011 मध्ये 44 लाख. त्याच दहा वर्षांत हिंदी सांगणारे 26 लाखांवरून 36 लाखांवर गेले. एवढ्या भांडवलावर कुणीही साडेसाती सांगून दक्षिणा खिशात घालेल.

पंचाईत अशी, की ग्रह ठरल्या घरात बसूनही फळ भलतंच मिळतं. महापालिकेत शिवसेना 1997 मध्ये जी बसली ती थेट 2022 पर्यंत, बहुतेक काळ भाजपच्या सोबतीने. टक्का घसरत होता, खुर्ची घट्ट होत होती. उलट मराठीचा मुद्दा सर्वांत कडक लावून धरणाऱ्या मनसेचे 2009 मध्ये 13 आमदार होते, 2014 मध्ये एक, 2019 मध्ये एक, 2024 मध्ये शून्य. पाच वर्षांत 13 चे 1 व्हायला लोकसंख्या बदलावी लागत नाही, लोकांचं मन बदललं तरी पुरतं.

शिवाय पक्षही काही कमी हुशार नाहीत. मतदार बदलला की ते अंगरखा बदलतात. एकेकाळी दाक्षिणात्यांची लुंगी हटवायला निघालेल्या सेनेने 2003 मध्ये ‘मी मुंबईकर’ म्हणत सगळ्यांना मिठी मारली, 2019 मध्ये वरळीला गुजरातीत ‘केम छो’ विचारलं आणि 2021 मध्ये जलेबी-फाफड्याचं ताट मांडलं. भाजपने 2022 च्या नवरात्रात काळाचौकीला मराठी दांडिया भरवून त्याची परतफेड केली. मराठी दांडिया! दोन्ही टिपऱ्या एकाच हातात धरायची कला याच शहराने शोधावी.

टक्का घसरला कसा, हे विचारायला मात्र ज्योतिषाला सवड नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या. 1991 च्या नियमाप्रमाणे त्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश पालिकेला आणि म्हाडाला मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलून फक्त मोकळ्या जागेची वाटणी करायचं ठरलं, आणि वाटा आक्रसला. घरांचे भाव चढले, गिरणगावातला मतदार डोंबिवली, बदलापूर, विरारला गेला. म्हणजे लोकसंख्येने पक्षांचं भविष्य बदलण्याआधी पक्षांनीच लोकसंख्येचं वर्तमान बदललं. मंत्रालयात आणि पालिकेत तेव्हा मंगळावरून आलेली माणसं बसलेली नव्हती. आता सगळेच टक्क्यासाठी गळा काढतात, तोही टॉवरच्या उद्घाटनाला जाता जाता.

आणि शेवटी शिवसेनेवर घाव आला कुठून? वर्षानुवर्षं पहारा होता परप्रांतातून येणाऱ्या गाडीवर. जून 2022 मध्ये गाडी सुटली ती इथूनच, सुरतमार्गे गुवाहाटीला. आत 40 आमदार, पुढारी ठाण्याचा, आणि पक्ष फोडण्याची सगळी बोलणी शुद्ध मराठीत. जनगणनेच्या कोणत्याही तक्त्यात हा योग लिहिलेला नव्हता.

आता 2027 मध्ये नवी जनगणना होणार आहे. नवं पंचांग आलं की नवे ज्योतिषीही येतील. सरकारला आमची एक नम्र सूचना आहे. मतदाराला त्याची मातृभाषा, जात, मूळ गाव जरूर विचारा. पण लोकप्रतिनिधींसाठी वेगळा फॉर्म छापा. त्यात दोनच प्रश्न पुरेत: आपण सध्या कोणत्या पक्षात आहात? आणि प्रगणक जिना उतरेपर्यंत राहाल का?