कमेटी उठली!

आपल्याकडे कमिटी नेमतात. ती अहवाल देते आणि अहवाल धूळ खातो. गाझियाबादेत कमेटी 'डालतात', ती महिन्याच्या महिन्याला 'निकलते' आणि तिच्यातून वॉशिंग मशीन येतं.

सासूबाई कराडहून आमच्या वैशालीतल्या फ्लॅटवर पहिल्यांदाच आल्या होत्या. जिन्यात त्यांच्या कानावर पडलं, "तीसरी मंज़िल वाली ने कमेटी उठा ली!" धापा टाकत वर आल्या. "अगं, एवढीशी पोर ती! आख्खी कमिटी उचलली म्हणे. पोलीस आले का?"

मी समजावून सांगितलं. बारा जणी, दरमहा प्रत्येकी 5,000, जमले 60,000. जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिने ते घरी न्यायचे, आणि उरलेले महिने मुकाट्याने हप्ता भरायचा.

"मग सरळ भिशी म्हणा की!" सासूबाई वैतागल्याच. भिशीच्या जोरावर त्यांनी पत्रे काढून घरावर स्लॅब टाकला होता. त्यांना कोण शिकवणार? बोलीची कमेटीही त्यांना लगेच उमगली. नड असलेली बाई 60,000 ऐवजी 54,000 वर समाधान मानते आणि सोडलेले 6,000 बारा जणींत वाटले जातात, प्रत्येकीला 500. "म्हणजे व्याजच. फक्त लुगडं नेसवलेलं," सासूबाई म्हणाल्या.

या व्यवहाराचं सरकारी नाव चिट फंड. ही 'चिट' आपलीच चिठ्ठी. साहेबाने तिचं शेपूट छाटून ती स्वतःच्या भाषेत नेली आणि आपण ती पुन्हा साहेबाची म्हणून मानाने घरात घेतली. वर 1982 साली तिच्यासाठी कायदाही केला. त्या कायद्यात चिट चालवणाऱ्याला 'फोरमन' म्हणतात. त्याचं कमिशन 5 टक्क्यांवर बांधलेलं होतं, ते 2019 मध्ये 7 टक्के झालं. आमच्या तळमजल्यावरच्या आंटी कमिशन घेत नाहीत, फक्त पहिली कमेटी स्वतः उचलतात. मॅक्सीवर ओढणी घेऊन, मटार सोलता सोलता नोटा मोजणाऱ्या त्या बाईंना फोरमन म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

गंमत 'कमेटी'ची आहे. जुन्या इंग्रजीत कमिटी म्हणजे माणसांचा घोळका नव्हताच. ज्याच्यावर एखादी जबाबदारी सोपवली तो एकटा माणूस म्हणजे कमिटी. ट्रस्टीतला शेवटचा 'ई' तोच हिच्यातही. पुढे इंग्रजांनी तिच्यात माणसं वाढवली, चहा-बिस्किटं वाढवली आणि काम कमी केलं. मूळ अर्थाला जागल्या त्या आमच्या आंटी! पावती नाही, सही नाही. कपाटात एक वही, वहीत बारा नावं आणि नावांपुढे बरोबरच्या खुणा. हप्ता चुकला तर नोटीस येत नाही. आंटी दारात येऊन फक्त "बेटा, तबीयत तो ठीक है?" एवढंच विचारतात. एवढ्या प्रेमळ वसुलीपुढे बँकेचा रिकव्हरी एजंट फिका पडावा.

सासूबाईंनी मुक्काम वाढवला आणि माझ्या नावावर एक हप्ता लावून टाकला. मग एक दिवस नोटीस बोर्ड वाचून त्यांनी विचारलं, "ही 'मॅनेजिंग कमेटी' कुणाची गं? ही कधी निघते?"

म्हटलं, ही निघत नाही. हिची मीटिंग असते.

"आणि उचलतं कोण?"

त्याबद्दल सोसायटीत दोन मतं आहेत.