सोलोवीर

सोलोवीर एकटा निघतो. पण तो एकटा निघणार हे महिनाभर आधी सगळ्या ऑफिसला पाठ झालेलं असतं. "या वेळी कोणी नको. मी, बुलेट आणि सह्याद्री!" असं तो चहाच्या टपरीवर जाहीर करतो. बरोबर यायचं नाव कोणी काढलेलं नसतं, तरी तो सगळ्यांना आधीच नकार देऊन मोकळा होतो.

मार्ग पक्का असतो. पुण्याहून भोर, वरंधा घाट उतरून महाड, पोलादपूरवरून आंबेनळी चढून महाबळेश्वर. पुढे गाण्याची गावं : कोल्हापूर, धारवाड, कुंदगोळ, परतताना मिरज. गाण्याशी त्याचा संबंध सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर काढलेल्या डुलक्यांपुरता. तरीही "मला सुरांच्या मुळाशी जायचंय," असं तो वडापावचा घास गिळता गिळता सांगतो.

मुळाशी जायला सामान लागतं. गुडघ्याला कवच, कोपराला कवच, हेल्मेटवर कॅमेरा आणि एक पंक्चरचं किट, जे कसं वापरायचं ते त्याला ठाऊक नसतं. शिवाय बायकोने दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आईने हँडलला बांधलेलं लिंबू-मिरची.

वरंध्यात मोबाइलची रेंज जाते. इतके दिवस ज्या एकांताचा डंका पिटला तो अखेर भेटतो आणि चौथ्या वळणावर सोलोवीर कासावीस होतो. धुकं आहे, दरी आहे, कठड्यावर माकडं आहेत, आणि "बघ, बघ!" म्हणायला कोणी नाही. गाडी बाजूला लावून तो मोबाइल आभाळाकडे धरून उभा राहतो. माकडं त्याच्याकडे कणवेने बघतात. एक जण दशम्या नेतो.

महाबळेश्वरला रेंज येते, पाठोपाठ सतरा मिस्ड कॉल. नऊ आईचे, 'जेवलास का?' आठ बायकोचे, 'कुठे आहेस?' दोघींना उत्तरं देऊन तो फोटो टाकतो : '१,३७२ मीटर उंची. मी आणि माझं मौन.' मग रात्री बारापर्यंत प्रत्येक लाइकचे आभार मानत बसतो.

कोल्हापुरात तो १८८३ सालच्या देवल क्लबासमोर सेल्फी काढतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात त्याला खरी समाधी लागते ती मात्र तांबड्या-पांढऱ्यापाशी. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर बघून होतं आणि दोन किलो पेढे बांधून होतात.

कुंदगोळला तो गंभीर होतो. सवाई गंधर्वांचं हे गाव. भीमसेन जोशी इथेच शिकले. त्याआधी १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते गुरू शोधायला घर सोडून पळाले होते. खिशात तिकीट नाही, आगगाडीत गाऊन पुढे सरकायचं. ग्वाल्हेर, कलकत्ता, पार जालंधरपर्यंत. आणि गुरू सापडला तो घराजवळच्या कुंदगोळात! सोलोवीराचे डोळे पाणावतात. "सेम माझीच स्टोरी," तो पुटपुटतो. तेवढ्यात बायकोने केलेल्या हॉटेल बुकिंगचा मेसेज येतो. एसी रूम, नाश्ता धरून.

मिरजेला तंतुवाद्यांच्या गल्लीत तो एका दुकानात शिरतो. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्याच हातांनी पुढे पंढरपूरकडचे भोपळे घेऊन तंबोरे घडवले. म्हातारे कारागीर घोडी घासून जवारी काढत असतात.

"काय पावणं, एकटंच?"

"हो चाचा. सोलो!"

"गाता काय?"

"नाही. शोधतोय."

म्हातारबाबा कानस थांबवतात. "गाणारा एकटा बसतोय, खरं मागं दोन तंबोरं लागतात. त्यास्नी कोण बघत न्हाई. सारखं तेच तेच वाजतंय म्हणून कान बी देत न्हाई. पण थांबले की मग गाणाऱ्याला कळतंय, सूर कशावर उभा हुता ते."

सोलोवीर हे वाक्य मोबाइलवर टिपून घेणार, तोच फोन वाजतो. आई. "जेवलास का?" बोलणं चालू असतानाच दुसरा कॉल घुसतो. बायको. "कुठे आहेस?" तो ओशाळून फोन खिशात घालू लागतो.

म्हातारबाबा पुन्हा कानस उचलतात.

"घ्या की फोन," ते म्हणतात. "दोन्ही लागल्यात झकास."