परवाना सोडून सगळं

कांदिवलीचा जुना वन-बीएचके आम्ही भाड्याने द्यायलाच घेतला. बाथरूमच्या टाइल्स आणि ओटा बदलला की भाडेकरू धावत येणार, असा हिशोब. कायदाही बाजूने होता. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 प्रमाणे टाइल्स, गिलावा, रंग, नळ-पाइप ही दुरुस्ती पालिकेला नोटीस न देता करता येते. फक्त मूळ मापं बदलायची नाहीत. हे मी सेक्रेटरीकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘छान आहे. आता अर्ज द्या.’’

मग अर्ज, हमीपत्र, डिपॉझिटचा चेक, मजुरांची आधार कार्डं आणि खालच्या काकूंची ना-हरकत. काकूंची हरकत नव्हतीच, फक्त गळतीचा इतिहास होता. तो चहासकट ऐकला. तोडफोड 10 ते 1 आणि 4 ते 6. मधल्या वेळात सोसायटी झोपते. डेब्रीज गोणीत भरून जिन्यानेच उतरवायचं.

एवढ्या कागदांत कॉन्ट्रॅक्टरकडे मात्र कुणी चिटोरंही मागितलं नाही. वायरिंगच्या ठेकेदाराला सरकारी परवाना लागतो. घण घालणाऱ्याला कानामागची पेन्सिल पुरते. आमच्याने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर बोटाने टकटक केली, डॉक्टरसारखा कान लावला आणि निदान केलं, ‘‘खाली है साब, तोड देंगे.’’ आत कॉलम होता. सेक्रेटरीकाका जुना नकाशा घेऊन धावत आले, म्हणून इमारत शाबूत आहे. तेव्हापासून त्यांच्या अर्जांबद्दल मी जरा जपून बोलतो.

मेहुण्याचंही भाड्याचं घर आहे, सॅन होजेला. कॅलिफोर्नियात मजुरी आणि सामान मिळून हजार डॉलरच्या आतलं किरकोळ काम सोडलं, तर ठेकेदाराला राज्याचा परवाना लागतो. 2025 पूर्वी ही मर्यादा 500 डॉलर होती. तिथे साधा गिझर बदलायलाही परमिट, वर इन्स्पेक्टर येऊन तपासणार. ‘‘ठेकेदाराच्या गाडीवरसुद्धा परवान्याचा नंबर असतो,’’ मेहुणा अभिमानाने म्हणाला. आमच्याही ठेकेदाराच्या स्कूटरवर नंबर होता. आरटीओचा, तोही अर्धा पुसलेला.

असो, फ्लॅट तयार आहे. ओळखीत कुणी भाडेकरू असेल तर जरूर कळवा. मासे खाणारे चालतील, रात्री उशिरा येणारे चालतील; खिळा ठोकायचा असेल तर मात्र अर्ज दोन प्रतींत लागेल.