लाल दिवा

नव्या घरात दूध उतू जायला हवं, ही आईची अट. नेट चालू हवं, ही मुलीची. दूध पहिल्याच सकाळी उतू गेलं. नेटचं सांगतो.

आमचा फ्लॅट धायरीत. जुन्या घरी ज्याचं कनेक्शन होतं, त्या केबलवाल्यालाच फोन लावला. "टाकून देतो की सर," म्हणाला. बिल्डिंगचं नाव ऐकल्यावर मात्र त्याचा आवाज उतरला. "ती आपल्या एरियात नाही. नाल्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते." सीमाप्रश्न म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी, अशी माझी शाळेपासूनची समजूत. महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल महाराष्ट्राने आजवर मानलेला नाही. या नाल्याचा निवाडा मात्र कागदाचा कपटाही नसताना दोन्ही केबलवाल्यांना शिरसावंद्य होता.

पलीकडच्याने खांद्यावर फायबरचं भेंडोळं घेतलेला एक पोरगा पाठवला. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'फायबर-रेडी' हे स्विमिंग पूलच्याही वर छापलं होतं. पोराने डक्टमधून तार सोडली. ती मधल्याच एका मजल्यावर अडली. आत सिमेंट.

"रेडी आहे साहेब," पोरगा म्हणाला, "रेडीमिक्स."

उरली गच्ची. तिथून फायबर खाली सोडायची, खिडकीतून आत घ्यायची. पण गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गाणगापूरला. दुसरी किल्ली चेअरमनसाहेबांकडे. पण पार्किंगवरून दोघांचा अबोला, त्यामुळे एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याने कुलूप उघडणं म्हणजे थेट बंड. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. फ्रान्सच्या मार्सेलहून निघालेला डेटा समुद्राच्या तळाशी पडलेल्या केबलमधून डोळ्याचं पातं लवायच्या आत मुंबईला पोचतो. पुढे धायरीपर्यंत यायला त्याला कितीसा वेळ? तिथून आमच्या हॉलपर्यंत यायला मात्र तो दत्तदर्शन आटोपून कुणी परतण्याची वाट पाहत बसला होता.

ट्रायने २०२४ साली इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारे द्यायचे नियम काढलेत. आमच्या इमारतीला भरपूर तारे आहेत. पण ते बघायलाही गच्चीची किल्लीच लागते.

सेक्रेटरी प्रसाद घेऊन आले, किल्ली मिळाली, फायबर खिडकीतून आत आली, डबी भिंतीवर बसली आणि तिच्यावर लाल दिवा लुकलुकू लागला. खाली तीन अक्षरं: एलओएस. सिग्नलच नाही. मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा १ मे २०१७ला उतरला, तो कुठे गेला याचा मला उलगडा झाला.

"सुतार कधी येऊन गेला?" पोराने विचारलं. हा ज्योतिषी आहे की काय, असं वाटलं. त्याने टीव्हीचं युनिट पुढे ओढलं. मागे सुताराने आमची फायबर गुण्यात, अगदी काटकोनात, खिळ्यांनी बसवली होती. "वळण चालतं साहेब, कोपरा नाही. कोपऱ्यात उजेड बाहेर सांडतो."

मग तो फरशीवर मांडी घालून बसला. दुमडलेला तुकडा कापला, वरची सालं सोलली, केसाएवढी काच पुसली आणि दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. बारीकशी ठिणगी पडली. काच काचेला जुळली. इतकं नाजूक काम करणाऱ्या माणसाला आपण 'केबलवाल्याचा पोरगा' म्हणतो आणि खिळे ठोकणाऱ्याला कारागीर, हे मला त्या क्षणी फारच खटकलं. आईलाही खटकलं असावं. तिने त्याच्या चहात आलं घातलं, जे सुताराच्या चहात नव्हतं.

दिवा हिरवा झाला. मुलगी पासवर्ड घेऊन तिच्या खोलीत अंतर्धान पावली.

माझ्या फोनवर नव्या वाय-फायवरून पहिला मेसेज आला तो सोसायटीच्या ग्रुपचा. 'सोमवारपासून गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू होत आहे. गच्चीवरून गेलेल्या सर्व वायरी सभासदांनी स्वखर्चाने काढून घ्याव्यात. – सेक्रेटरी.'

खाली चेअरमनसाहेबांचा अंगठा होता. पार्किंगच्या भांडणानंतर दोघांचं हे पहिलंच एकमत.