दोन मिनिटांच्या कामाबद्दल जाहीर आभार

प्रति,
मा. घरगुती संगणकतज्ज्ञ महोदय,
(मुलगा, भाचा, पुतण्या, जावई अथवा वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर)
महाराष्ट्रात व परदेशी सर्वत्र.

विषय : बोललेल्या निरोपांची ऑडिओ सीडी करून देण्याचे ‘दोन मिनिटांचे काम’.
संदर्भ : बुटाची नाडी बांधता बांधता आपण दिलेले तोंडी आश्वासन.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण आमच्या घरी भाचा या पदावर कार्यरत आहात. इतर घरांत आपण नातू, दीर, जावई अशा निरनिराळ्या पदांवर हेच काम पाहता, म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे. ज्यांना लागू पडेल त्यांनी आपले समजून घ्यावे.

आपली आजी, म्हणजे आमची माई, हिच्या सहस्रचंद्रदर्शनाला ज्यांना कऱ्हाडला येणं जमणार नव्हतं, त्यांचे निरोप गोळा करून तिच्या सीडी प्लेअरवर ऐकता येतील अशी एक सीडी करून द्यावी, अशी नम्र विनंती मी आपणांस केली होती. मोबाइलवरची नजर न उचलता आपण म्हणालात, “दोन मिनिटांचं काम आहे, मावशी.” त्या दोन मिनिटांचा हिशेब मांडावा आणि आपले जाहीर आभार मानावेत, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

सीडी हा प्रकार अजून शिल्लक आहे, याचंच आपल्याला आधी नवल वाटलं. “आता सीडी कोण वापरतं?” हा आपला प्रश्न मी फोनवरून माईला विचारला. ती म्हणाली, “मी.” आपल्या पाहणीत हे उत्तर आलं नसावं, म्हणून नोंद करून ठेवते.

त्यानंतर आपण तिला स्मार्टफोन घेऊन देण्याचा तोडगा सुचवलात. तोडगा उत्तमच आहे. माईची नजर अंधूक झाली आहे, आणि गुळगुळीत काचेवर बोट कुठे ठेवायचं हे चाचपून कळत नाही. प्लेअरचं बटण मात्र उठावाचं आहे. पहाटे दिवा न लावता अभंग लावताना तिला ते बरोबर सापडतं. पण ही बाब आपल्या दृष्टीने गौण असणार, कारण आपली दृष्टी चांगली आहे.

असो. आपण शब्दाचे पक्के. खरोखरच दोन मिनिटांत सीडी हातात दिलीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फायली उचलल्या, डिस्कच्या खिडकीत ओढल्या, राइट म्हटलं, ट्रे बाहेर आला, काम फत्ते. ती सीडी कऱ्हाडला गेली. प्लेअरने ती गरगर फिरवली, थोडा वेळ विचार केला आणि ‘नो डिस्क’ असं जाहीर केलं. हे आपल्या कानावर घातलं तेव्हा “प्लेअर जुना आहे” असं निदान आपण पुण्यात बसल्या बसल्या केलंत. नाडीपरीक्षा न करता निदान करणारे वैद्य आता दुर्मीळच.

प्लेअर जुना आहे, यात वाद नाही. तो ज्या नियमांवर चालतो ते फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरवले आणि त्या पोथीला रेड बुक म्हणतात. तिच्यात एमपीथ्रीचा उल्लेख नाही, कारण एमपीथ्री तेव्हा जन्मायचं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपांची ऑपस फाइल तर त्याहून कितीतरी धाकटी. अशा प्लेअरला फाइल कळत नाही आणि फोल्डर तर त्याहून कळत नाही. त्याला लागतो सरळ आवाज : सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा मिळून दोन चॅनल. राइट करणारा प्रोग्रॅम आपल्याला विचारतो, ऑडिओ सीडी करायची की डेटा सीडी? आपण ‘डेटा’वरच पुढे गेलात, कारण तेच आधीपासून निवडलेलं होतं. ‘ऑडिओ’ निवडलं असतं, तर फायली उलगडून त्याच मापात बसवून डिस्कवर लिहिण्याचं काम प्रोग्रॅमनेच केलं असतं. एका टिचकीचा प्रश्न होता. पण दोन मिनिटांत विचारलेलं वाचायलाही वेळ लागतो, हे मी समजू शकते.

आपल्या पद्धतीने एका डिस्कवर तासन्‌तास आवाज मावतो, हेही आपण समजावून दिलंत. ऑडिओ सीडीवर जेमतेम ८० मिनिटं मावतात, हे खरं. त्या ८० मिनिटांत आमचं सगळं गोत मावतं. अपवाद फक्त अप्पामामांचा, पण त्यांना मोकळं मैदान दिलं तरी अपुरंच पडतं.

अप्पामामा व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत, त्यामुळे त्यांचा निरोप घरच्या संगणकावर टेप करायचा ठरलं. आपण येऊन माइकची पिन गुलाबी खाचेत खोचलीत (ही खाच बरोबर होती, हे मुद्दाम सांगते) आणि “आता फक्त बोलायचं” असं सांगून निघून गेलात. मामा बोलले. विंडोज एक्सपीपर्यंतच्या साऊंड रेकॉर्डरला एक खोड होती. साठ सेकंद झाले की तो आपोआप थांबे. पुढे कोणीतरी ती मर्यादा काढून टाकली. त्यात जगाची सोय झाली असेल, आमच्या घराचं मात्र कायमचं नुकसान झालं.

मामांनी सुरुवातच “परमपूज्य ताई” अशी केली. त्यातल्या दोन्ही ‘प’कारांना दोन लवंगी फटाके वाजले. माइक तोंडासमोर न धरता वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेवला की श्वासाचा झोत त्यावर आपटत नाही आणि फटाके थांबतात. शिवाय मामा रंगात आले की पडद्यावरची पट्टी लाल होत होती. कॅसेटवर आवाज थोडा चढला तर ती सांभाळून घेई. संगणक घेत नाही. शून्य डेसिबलच्या वर जे गेलं ते छाटलं गेलं, मागाहून आवाज कमी केला तरी फाटलेलं जुळत नाही. हे दोन्ही सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. आपल्याकडे ते शिल्लक होतं की नव्हतं, हे हिशेबात सापडत नाही.

पुढे कळलं की मामा फक्त डावीकडून बोलत आहेत. माइक एकाच चॅनलचा, सीडी दोन चॅनलांची; डावा भरला, उजवा कोराच राहिला. “हेडफोनवर ऐकू येतंय ना, मग झालं,” असं आपण म्हणालात. आपल्या आजीचा डावा कान दहा वर्षांपूर्वी गेला, हे कदाचित आपल्याला कळवायचं राहिलं असेल. आता ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, २००० सालापासून आहे. त्यात तो ट्रॅक मोनो करून घेतला की दोन्ही बाजूंनी सारखा वाजतो. त्याच प्रोग्रॅमला कोणी बोलत नसतानाचा दोन-तीन सेकंदांचा नमुना दाखवला, तर छताच्या पंख्याची घरघर बरीचशी पुसता येते, कारण ती एकसारखी असते. कुकरची शिट्टी मात्र अशी पुसली जात नाही. ती कऱ्हाडपर्यंत पोचली आणि मामांच्या निरोपाच्या मध्येच माईने “डाळ झाली वाटतं” अशी दाद दिली.

बाकीच्यांचे निरोप न्यूअर्क, मेलबर्न, रत्नागिरी असे ठिकठिकाणांहून आले. त्यातल्या बहुतेकांनी “माई, मी बोलतोय” अशी स्वतःची ओळख करून दिली. फोनवर नाव आणि फोटो दिसतो, त्यामुळे नाव सांगण्याची सवय सुटली आहे. सीडीवर ना नाव दिसतं, ना चेहरा. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजान यांनी ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. तबकडी जर्मनीत तयार होणार होती, आणि तिथल्या माणसाला वर कोणाच्या नावाचा कागद चिकटवायचा हे कळायला हवं होतं. न दिसणाऱ्या माणसाचा विचार बाईंना तेव्हा सुचला. आमच्याकडे मात्र त्या सगळ्यांना नाव सांगून पुन्हा निरोप पाठवायला सांगावं लागलं, आणि त्या निमित्ताने काहींनी माईला पहिल्या खेपेपेक्षा बरं काहीतरी सांगितलं.

आता सीडीच्या जातीबद्दल. आपण औदार्याने आपल्याकडची पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी दिलीत. तिच्यावरून प्रकाश इतका कमी परततो की जुन्या प्लेअरच्या डोळ्याला ती बऱ्याचदा दिसतच नाही. साधी, एकदाच लिहायची सीडी-आर घ्यावी, राइट करताना सगळ्यात वरचा वेग घेऊ नये, आणि शेवटी डिस्क फायनलाइज करावी; नाहीतर संगणक ती वाजवतो आणि प्लेअर नाकारतो. तिच्यावर ‘हॅपी बर्थडे आजी’ हे आपण बॉलपेनने जोर देऊन लिहिलंत, त्यातली भावना पोचली. वाईट एवढंच की आवाज धरून ठेवणारा थर छापील बाजूला, पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. खालच्या बाजूला मिलिमीटरभराहून जाड प्लास्टिक आहे. तिला ओरखडा गेला तरी बऱ्याचदा निभावतं, वरच्या बाजूचं तसं नाही. मऊ टोकाचा मार्कर वापरावा, असं मी सुचवते. पण आपण व्यग्र असता.

महोदय, आपल्यावर रागावण्याचं मला कारण नाही. आपण एकटे नाही. काम सोपं झालं असं आजकाल जिथे जिथे म्हणतात, तिथे ते पाठवणाऱ्याचं सोपं झालेलं असतं. निरोप पाठवणं इतकं सोपं झालं की जिन्यात, रिक्षात, दात घासतानाही पाठवता येतो. तो ऐकायला कोणता फोन, कोणतं अ‍ॅप, कसली नजर, कोणता कान लागेल, हे ऐकणाऱ्याने पाहून घ्यायचं. सीडीचं नेमकं उलट आहे. करणाऱ्याचा ती जीव खाते आणि ऐकणाऱ्याला एक बटण दाबायला लावते. एका माणसाला एक ट्रॅक, असे ९९ ट्रॅक मावतात. धाकट्या नातीचा आवाज पुन्हा ऐकायचा तर पुढचं बटण दोनदा दाबलं की झालं. आणि दोन ट्रॅकमध्ये राहणारी दोन सेकंदांची शांतता आपल्याला निरुपयोगी वाटली होती, आपण ती काढून टाकणार होतात. माई त्या दोन सेकंदांत बोलणाऱ्याला “बरं हो” म्हणते.

ऐकणाऱ्याची ही काळजी काही नवी नाही. एडिसनने १८७८ साली आपल्या फोनोग्राफचे उपयोग एका लेखात मोजून सांगितले, तेव्हा पहिला मान पत्रव्यवहाराला दिला, दुसरा दृष्टिहीनांसाठी बोलत्या पुस्तकांना. संगीत चौथ्या नंबरवर होतं. आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, ती तर आपल्याही परिचयाची असेल. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. शिवाय गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पाठवणाऱ्यांनी “समोरच्याचा प्लेअर जुना आहे” असं म्हटलं नाही. त्यांनी सोबत सुई आणि कार्ट्रिज दिलं, आणि वेष्टनावर ती कशी वाजवायची याच्या आकृत्या कोरल्या. ज्याला कान आहेत की नाहीत हेही ठाऊक नाही, त्या परग्रहवासीयाची एवढी चौकशी झाली. कऱ्हाडच्या माईला निदान एक कान आहे, याची नोंद घेण्याची कृपा व्हावी.

तरी आपल्याकडे पुढील मागण्या सादर करीत आहे. लॅपटॉपमधून सीडीची खाच काढून टाकणाऱ्यांचं आपण कौतुक करता. ते करावं, पण यूएसबीला जोडायचा एखादा सीडी रायटर घरात ठेवावा. दिलेली सीडी आपल्या संगणकावर वाजली म्हणजे काम झालं असं न समजता एखाद्या जुन्या प्लेअरवर वाजवून पाहावी. ‘दोन मिनिटांचं काम’ हा शब्दप्रयोग, ज्याच्यासाठी काम करायचं त्याला एकदा भेटून आल्याशिवाय वापरू नये.

शेवटचं. समारंभ पार पडला, नवी सीडी वाजली, माईने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, “सगळे बोलले. ज्याने पहिली सीडी करून दिली, तो कुठे आहे यात?” आपण फायली गोळा केल्यात, ओढल्यात, राइट केल्यात, आपला स्वतःचा निरोप कुठेच नव्हता. माईने दुसरी सीडी मागितली आहे. तिच्यातला पहिला ट्रॅक मी आपल्यासाठी राखून ठेवला आहे. रेड बुकप्रमाणे ट्रॅक किमान चार सेकंदांचा लागतो. जास्त बोललात तरी हरकत नाही, अप्पामामांना शेवटी ठेवलं आहे. माइक वीतभर लांब धरा, पंखा बंद करा आणि आधी नाव सांगा. “मी बोलतोय” चालणार नाही.

कळावे,
आपली,
मावशी